सोपी वाट कोणासाठी? डोंगरवाटांची पुस्तकं आणि आपलं आरोग्य



पावसाळा ओसरला की वस्त्यावस्त्यांतून लेण्यांच्या सहली निघतात. आम्हीही काढतो. आमच्या गटात तीन-चार नर्स, दोन आशाताई आणि विहारात येणाऱ्या महिला मंडळाच्या कार्यकर्त्या आहेत. कधी भाजे, कधी कान्हेरी, कधी जुन्नर. जायचं ठरलं की आम्ही आधी पुस्तक काढतो. डोंगरवाटांची मार्गदर्शक पुस्तकं मराठीत बरीच आहेत आणि त्यांतली काही अतिशय मेहनतीने लिहिलेली आहेत. मात्र काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस जे घडलं, तेव्हापासून आम्ही ती पुस्तकं वेगळ्या नजरेने वाचतो. ती नजर तुम्हालाही यावी म्हणून हा लेख.

मावळातल्या एका लेण्याला आम्ही तेवीस जण निघालो होतो. पुस्तकात लिहिलं होतं, वाट सोपी, चढ दीड तासाचा, वर टाक्यात बारमाही पाणी. पाणी वर आहेच म्हणून प्रत्येकाने एकेक लिटरची बाटली घेतली. साडेदहाला चढायला लागलो. बाराला आम्ही अजून अर्ध्या वाटेवर होतो आणि निम्म्या बाटल्या संपल्या होत्या.

बरोबर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. भंडारा जिल्ह्यातला, पुण्यात आयटीआय करणारा. तो एका दगडावर बसला आणि उठेना. गुडघे आणि पाठ धरून कळवळत होता. पोरं चेष्टा करायला लागली, "अरे, मावश्या चढल्या आणि तू बसलास होय?" आमच्यातल्या एकीने त्याचे डोळे पाहिले. पिवळसर होते. तिने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "बाळा, शाळेत कधी रक्त तपासलं होतं का?" तो हळूच म्हणाला, "एसएस आहे, ताई. सांगितलं असतं तर तुम्ही आणलं नसतं."

एसएस म्हणजे सिकलसेलचा आजार. पुढचं सगळं आम्हाला कळत होतं, पण हाताशी काही नव्हतं. धावत वर गेलेली दोन पोरं परत आली ती रिकाम्या हातांनी. टाक्यात हिरवं, साचलेलं पाणी, त्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि मेलेला उंदीर. सगळ्यांच्या बाटल्यांत उरलेलं पाणी एकत्र करून त्याला घोटघोट दिलं. दोन काठ्या आणि मावशींची एक साडी यांची झोळी केली आणि चौघांनी आलटून पालटून त्याला खाली आणलं. त्याला दोन तास लागले. दवाखान्यात सलाईन, ऑक्सिजन, वेदनेचं इंजेक्शन झालं. पाच दिवसांनी तो घरी गेला.

त्या रात्री आम्ही एकमेकींना दोष देत बसलो होतो. पुस्तकात चूक होती, हे खरं. पण जास्त मोठी चूक आमची होती. ज्या वॉर्डात आम्ही उमेदीची वर्षं काढली, तिथे हिस्टरी घेतल्याशिवाय आम्ही साधी गोळी दिली नाही. आणि इथे तेवीस माणसं डोंगरावर नेताना एकालाही काही विचारलं नव्हतं.

पुस्तक लिहिणारा कोण, चालणारा कोण

या पुस्तकांचं ऋण आधी मान्य करू. हरीश कपाडिया यांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' हे इंग्रजी पुस्तक १९७७ पासून डोंगर चढणाऱ्यांच्या हाती आहे. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा', प्रमोद मांडे यांचं 'गडकिल्ले महाराष्ट्राचे' अशी मराठी पुस्तकंही अनेकांच्या कपाटात सापडतील. पायी हिंडून, वाटा तपासून, गावकऱ्यांना विचारून केलेलं हे काम आहे. ते नसतं तर कितीतरी लेण्यांच्या आणि गडांच्या वाटा आपल्याला कळल्याही नसत्या.

तरीही 'सोपी वाट', 'दीड तास' हे शब्द वाचताना एक प्रश्न विचारायला हवा, की हे कोणाच्या पायांनी मोजलं? लिहिणारा बहुधा दर रविवारी डोंगर चढणारा, धडधाकट, चांगले बूट घातलेला पुरुष असतो. त्याने लिहिलेली वेळ खोटी नसते, ती त्याची असते. आपल्याबरोबर निघतात त्या पहाटे चार घरची धुणीभांडी करून आलेल्या मावशी, रात्रपाळी करून आलेला सफाई कामगार, गुडघे धरलेली आजी, चपला घातलेली मुलं.

जगभरच्या डोंगरवाटांसाठी एक जुना हिशेब वापरतात. विल्यम नैस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. सपाटीवर ताशी साधारण ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवायचा. म्हणजे ३ किलोमीटरची वाट आणि ३०० मीटरचा चढ असेल, तर ३६ मिनिटं आणि ३० मिनिटं मिळून ६६ मिनिटं झाली. पण हा हिशेब निरोगी, सवयीच्या चालणाऱ्याचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. आम्ही आता सरळ दुप्पट करतो, म्हणजे सव्वादोन तास. शिवाय दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं बसायचं. एकूण जवळजवळ तीन तास. एवढा वेळ धरला की दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहाटे लवकर निघावं लागतं आणि पाणी जास्त घ्यावं लागतं.

टाक्यातलं पाणी

या पुस्तकांत पाण्याची नोंद असतेच, आणि लेण्यांच्या बाबतीत ती असायलाही हवी. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी लेण्यांच्या दाराशी कातळात कोरलेलं टाकं आहे. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी खोदीव पन्हळींतून त्यांत आणलेलं दिसतं. कान्हेरी आणि जुन्नरच्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे, आणि पोढी खोदण्यासाठी कोणी दान दिलं तेही कोरलेलं आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर, पात्र, वस्तरा, सुई यांच्याबरोबर पाणी गाळायचं साधनही होतं. पाणी साठवायचं आणि ते गाळून प्यायचं, ही शिस्त त्या डोंगरांवर दोन हजार वर्षांपूर्वी होती.

आज त्या टाक्यांची सफाई करणारा संघ तिथे राहत नाही. म्हणून पुस्तकात 'पिण्यायोग्य' लिहिलेलं असलं तरी टाक्याचं पाणी न शिजवलेल्या मांसासारखं समजा, तसंच पोटात घालू नका. दुहेरी सुती कापडाने गाळा. मग खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून वेष्टनावर लिहिलेला वेळ, निदान अर्धा तास, थांबा. गाळल्याने गाळ आणि किडे जातात, कावीळ आणि जुलाबाचे जंतू जात नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे पाणी घरूनच न्या. उन्हाच्या दिवसांत चार-पाच तासांच्या चालीला माणशी तीन लिटर धरा.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट पुस्तकांत नसते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने धुळीत माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर हातपाय-तोंड धुतलं. तेवढ्यावरून गर्दी जमली, पाणी बाटवलं म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी आत सोडलं ते किल्ल्यातल्या कोणत्याही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात स्वतः नोंदवली आहे. नकाशावर विहिरीची खूण असली म्हणून ती विहीर सगळ्यांची होती असं नाही. आज काळ बदलला आहे. तरीही पायथ्याच्या गावात पाणी मागताना आमच्या मंडळातल्या वयस्कर बाया क्षणभर थांबतात, हे आम्ही पाहिलं आहे. तहान लागूनही न मागणं हासुद्धा आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही गावात आधी फोन करतो, कोणाच्या घरी पाणी भरायचं ते ठरवतो आणि पोचल्यावर सगळ्या मिळून तिथे जातो.

रक्ताची हिस्टरी

आता त्या मुलाच्या आजाराविषयी. विदर्भात आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजातही सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. नोकरी-शिक्षणासाठी आपली मुलं पुण्या-मुंबईला येतात, इथल्या मित्रांबरोबर डोंगर चढतात आणि इथल्या मित्रांना हा आजार ठाऊकही नसतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी होणं, अति श्रम, थंडी, ताप, विरळ हवा ही त्याची निमित्तं. डोंगरावर यांतली दोन-तीन एकाच वेळी हजर असतात.

हाडांत-सांध्यांत असह्य वेदना सुरू झाल्या तर चालणं तिथेच थांबवा. सावलीत बसवा, घोटघोट पाणी द्या, अंग उबदार ठेवा. बर्फ किंवा गार पाण्याचा शेक देऊ नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी द्या आणि खाली उतरवा. छातीत दुखणं, दम लागणं, ताप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काही दिसलं तर एक मिनिटही घालवू नका.

ज्यांचा रिपोर्ट 'एएस' आहे ते वाहक असतात, रुग्ण नसतात. ते डोंगर चढू शकतात. मात्र तळपत्या उन्हात, पाणी न पिता, शर्यत लावल्यासारखं चढल्यावर क्वचित त्यांनाही स्नायूंचा गंभीर त्रास होऊ शकतो. त्यांनी दमाने चढावं. एसएस असलेल्यांनी हिमालयातल्या उंच वाटांचा विचारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आपली कळसूबाई १६४६ मीटरची, तिथे हवा फारशी विरळ नसते. हिमालयातल्या वाटा याच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर जातात.

दुसरी गोष्ट पंडुरोगाची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणी चढताहेत तर पाच-सहा जणी कमी रक्तावर चढताहेत. त्यांना धाप लागते, छाती धडधडते, आणि 'बायकांना सवय नाही' असं म्हणून सोडून दिलं जातं. निघण्याआधी महिनाभर हिमोग्लोबिन तपासा. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

तिसरी गोष्ट लघवीची. एकाही पुस्तकात आम्हाला आडोसा कुठे आहे ते सापडलं नाही. म्हणून बाया काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग उन्हाचा झटका, चक्कर, आणि घरी गेल्यावर लघवीची जळजळ. आम्ही आता वाटेवर दोन ठिकाणी थांबून जुनी चादर धरतो. पाळी असेल तिनेही यावं, पॅड आणि कागदी पिशवी बरोबर ठेवावी, वापरलेलं परत खाली आणावं.

ऊन, माशा, साप

ऊन लागलेला माणूस बरळू लागला, त्याचं अंग तापून गेलं, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान-काखा-जांघांत ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. नुसता थकवा असेल तर ओआरएसचं पाकीट द्या. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

लेण्यांच्या छताला आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात. इथे आपल्याच लोकांना एक विनंती. लेण्यात वंदना जरूर घ्या, पण अगरबत्ती-मेणबत्ती लावू नका. धुराने माशा उठतात, आणि काजळीने ज्या भिंतींना वंदन करायला आलो त्याच काळ्या पडतात. अत्तर लावून येऊ नका, मोहोळाखाली आरडाओरडा करू नका. माशा उठल्या तर तोंड झाकून लांब पळा. काटा नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास अडला तर ताबडतोब दवाखाना.

सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. फुरसं लहान असतं, दगडाखाली बसतं, म्हणून दगड उचलताना आणि कातळावर हात टेकताना पाहावं. चावल्यावर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी काढा. हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णाला चालवू नका, उचलून न्या. सापावरची लस सरकारी रुग्णालयात मिळते, सापाला मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

दोन नावं लक्षात ठेवा

नाशिकच्या लेण्यांना बहुतेक पुस्तकं 'पांडवलेणी' म्हणतात. तिथल्या चोवीस लेण्यांतल्या शिलालेखांत सातवाहन आणि क्षत्रपांची दानं नोंदलेली आहेत, डोंगराचं नावही आहे. आपण त्याला त्रिरश्मी म्हणतो. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. मुलांना खरं नाव शिकवा. पण १०८ ला फोन कराल तेव्हा 'पांडवलेणी' हेच सांगा, कारण रुग्णवाहिका चालवणाऱ्या दादांना ते नाव पटकन कळेल. प्रत्येक ठिकाणचं आपलं नाव आणि गावकऱ्यांचं नाव, दोन्ही वहीत असू द्या.

आमची वही

त्या फेब्रुवारीनंतर आम्ही एक शंभर पानी वही केली. पुस्तक बरोबर असतंच, वही त्याच्या शेजारी. प्रत्येक सहलीनंतर तिच्यात एवढं लिहितो:

१. तारीख, महिना आणि हवा.
२. आपल्या लोकांना चढायला-उतरायला खरोखर लागलेला वेळ.
३. टाक्यात पाणी होतं का, कसं होतं, खाली कोणाकडे भरलं.
४. सावली कुठे कुठे आहे.
५. आडोशाची जागा.
६. मोबाइलला रेंज कुठपर्यंत.
७. रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं.
८. मोहोळं कुठे होती.
९. अर्ध्यातून परतायचं झालं तर कुठून परतावं, आणि जे वर येणार नाहीत त्यांनी कुठे थांबावं.
१०. ठिकाणाची दोन्ही नावं.

आणि निघायच्या आदल्या रविवारी विहारात आम्ही सगळ्यांना एकेक करून बाजूला बसवतो. बीपी, शुगर, दमा, फिट्स, सिकलसेल, चालू गोळ्या, गरोदरपण, सगळं विचारतो. पण पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "काहीही असलं तरी तुम्हाला नेणारच आहोत, कुठवर न्यायचं तेवढं ठरवायचंय." हे वाक्य आम्हाला त्या मुलाने शिकवलं. माणसं आजार लपवतात ती खोटारडी असतात म्हणून नाही. वगळलं जाण्याची भीती आपल्या रक्तात फार जुनी आहे.

पुढच्या वर्षी तो भाज्याला आला. मळवली स्टेशनवरून आम्ही सकाळी साडेसातला निघालो. त्याच्या गळ्यात दोन लिटरची बाटली आणि खिशात रिपोर्टची झेरॉक्स होती. पायऱ्यांवर तो दर वीस पायऱ्यांनी बसला आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळे बसलो. कोणी चेष्टा केली नाही. स्थविरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या चौदा स्तूपांपाशी पोचल्यावर त्याने आमची वही मागितली आणि वेळेच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, "एसएस असलेल्याला एक तास दहा मिनिटं. जमतं."

तुमच्या कपाटात डोंगरवाटांचं पुस्तक असेल तर त्याच्या समासात असं लिहायला लागा. आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर पुढच्या सहलीआधी ती नक्की करून घ्या. जय भीम.